पहिले नाणे विकत घेण्याआधी

प्राचीन नाण्यांच्या संग्रहाविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत ‘नाणी कोठे मिळतील’ आणि ‘किंमत किती येईल’ एवढेच विचारले आहे. त्यांची उत्तरे ओघात येतीलच. मात्र ज्या पत्रांत हातातल्या एखाद्या नाण्याचे नीट वर्णन होते, त्यांना मी अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्राचीन नाणी जमवण्याची फार इच्छा आहे, पण हाताशी पैसे बेताचेच आहेत. सुरुवात कोणत्या नाण्यांपासून करावी? (एक विद्यार्थी, संगमनेर)

उत्तर : पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका. या काळात फक्त नाणी पाहा. मुंबईला जाणे झाले तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाण्यांचे दालन आणि फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय, ही दोन्ही ठिकाणे सावकाश पाहावीत. तुम्हांला त्याहून जवळ, नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरी येथे, नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. जाण्यापूर्वी ते खुले असल्याची चौकशी मात्र करून घ्यावी. त्याच फेरीत नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जावे. तेथे क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शक घराण्यांतील राजा, नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) कायम ठेव म्हणून ठेवले, त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले, आणि एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, पस्तीस कार्षापण हा भाव धरला होता, इतके सगळे त्या भिंतीवर कोरलेले आहे. हा व्यवहार वाचून झाल्यावर त्याच काळातले चांदीचे नाणे पाहिले, म्हणजे ते काचेमागची वस्तू न राहता कोणाच्या तरी हातातले चलन होते, हे मनात पक्के बसते.

त्यानंतर एकच शाखा निवडावी. दोन सातवाहन, चार मुघल, एखादे रोमन आणि मूठभर ब्रिटिश काळातील पैसे अशी सरमिसळ जमवणाऱ्याला पाच वर्षांनीही कोणत्याच नाण्याविषयी खात्रीने बोलता येत नाही. नवख्यासाठी मी पश्चिमी क्षत्रपांची चांदीची नाणी सुचवतो. ही नाणी मोठ्या संख्येने पाडली गेली आणि मोठ्या संख्येने सापडली, त्यामुळे मध्यम स्थितीतील नाणे विद्यार्थ्यालाही परवडू शकते. साधारण दोन ग्रॅम वजनाचे, करंगळीच्या नखापेक्षा थोडे मोठे असे हे नाणे असते. एका बाजूस राजाचा मिशाळ चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरांच्या बिघडलेल्या खुणा. दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा डोंगर, त्यावर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ आणि कडेने ब्राह्मी लेख.

तो लेख हेच या नाण्यांचे खरे वैभव आहे, कारण त्यात नाणे पाडणाऱ्याच्या नावाबरोबर त्याच्या वडिलांचेही नाव असते. ‘राज्ञो महाक्षत्रपस दामसेनपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस विजयसेनस’ हे एकदा स्वतः वाचता आले की पितापुत्रांच्या जोड्या लावत तुम्ही स्वतःच्या हाताने वंशावळ मांडू शकता. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून राजाच्या डोक्यामागे शक वर्षही घातलेले आढळते. तेथे आजच्यासारखी स्थानमूल्याची पद्धत नाही. एकशे चौसष्ट लिहायचे तर शंभराचे एक चिन्ह, साठाचे दुसरे आणि चाराचे तिसरे अशी तीन चिन्हे एकाखाली एक येतात. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इ. स. २४२ हे वर्ष मिळते. प्राचीन भारतातील फार थोड्या नाण्यांवर असे वर्ष असते. ब्राह्मीची मुळाक्षरे रोज अर्धा तास गिरवली तर महिना-दीड महिन्यात हे लेख अडखळत का होईना वाचता येतात, कारण पदव्या त्याच त्या असतात आणि नावांचे शेवटही ‘सेन’, ‘दामन्’, ‘सिंह’ असे परत परत येतात.

पुष्कळांना आहत नाण्यांपासून, म्हणजे सूर्य, वृक्ष, डोंगर अशा चिन्हांचे स्वतंत्र ठोके मारलेल्या चांदीच्या तुकड्यांपासून आरंभ करावासा वाटतो, कारण ती त्यांहूनही जुनी आहेत. ती अवश्य घ्यावीत, पण नंतर. त्यांच्यावर अक्षर नाही, चिन्हे एकमेकांवर चढलेली असतात आणि पाच चिन्हांचा गट ओळखायला सरावलेली नजर लागते.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांच्या पेटीत चांदीचे एक लहान नाणे मिळाले. एका बाजूला कमानींचा डोंगर आहे, परंतु नाणे तिरपे धरले की त्या डोंगराखालून माणसाचे नाक आणि ओठ दिसतात. हे नाणे खराब निघालेले आहे का? (एक निवृत्त शिक्षिका, नाशिक)

उत्तर : आपण नाणे तिरपे धरून पाहिलेत, याचे मला फार समाधान वाटले. आपल्या वर्णनावरून हे नाणे नहपानाचे आणि त्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला, असे असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे ते मुळीच खराब नाही. एका नाण्यात दोन राजवटी आहेत.

सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड निधी सापडला. त्यात तेरा हजार दोनशे पन्नासहून अधिक नाणी होती आणि ती सर्व मुळात नहपानाची होती. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे असतात, पण त्या अक्षरांत लिहिलेली भाषा ग्रीक नसून प्राकृत असते. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, तसेच ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा दोन लिप्यांत त्याचे नाव असते. या निधीतील सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा ठसे मारले होते : एका बाजूला डोंगर आणि स्वतःचे नाव, दुसऱ्या बाजूला ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते, फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे असलेले चिन्ह. उरलेली सुमारे चार हजार नाणी तशीच राहिली होती.

यातून काय कळते ते पाहा. पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे आणि त्यात आपल्या मुलाचे वर्णन तिने ‘खखरातवसनिरवसेसकर’, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा, असे केले आहे. आईने मुलाची केलेली स्तुती म्हणून एखाद्याने ते सोडून दिले असते. पण जोगलटेंभीच्या हजारो नाण्यांनी तिचा शब्द खरा ठरवला. जिंकलेल्या राजाचे चलन गोळा करून, ते वितळवण्याचा आणि नव्याने कोऱ्या चकत्या पाडण्याचा खर्च न करता, सरळ त्यावरच आपले नाव ठोकायचे, हा कारभार पराभवानंतर लगेचच झाला असला पाहिजे. ज्याच्या चेहऱ्यावर हा डोंगर बसला, त्याचे राज्य या भागातून गेले, हे बाजारातल्या प्रत्येक माणसाला एक अक्षरही न वाचता कळत होते.

हे सारे समजले ते तो निधी एकत्र मोजला गेला म्हणून. तीच नाणी चारशे सोनारांकडे वाटली गेली असती, तर आज आपल्या हातात सुटी नाणी असती, पण दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर पुन्हा ठसा आहे, ही गोष्ट कोणालाही कधी कळली नसती. म्हणून आपल्याला एक विनंती आहे. वडिलांनी हे नाणे कोठून आणि कधी घेतले, याची नोंद त्यांच्या वहीत, एखाद्या पावतीवर किंवा पेटीतल्या चिठ्ठीवर आहे का, ते शोधावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि जे कळेल ते आजच्या तारखेसह लिहून नाण्याजवळ ठेवावे. नाणे खरे आहे की नाही, हे हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यासाठी वस्तुसंग्रहालयातील अभ्यासकाला ते दाखवणे योग्य ठरेल.

प्रश्न : आजोबांच्या शिसवी पेटीत शिशाची जाड नाणी आहेत. त्यांवर धनुष्यबाण दिसतो. अलीकडे त्यांवर पांढरी भुकटी धरू लागली आहे. घासून काढावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घासू नका, आणि हे उत्तर वाचून होताच ती नाणी त्या पेटीतून बाहेर काढा. लाकडातून, विशेषतः बंद पेटीत, आम्लाचे सूक्ष्म वाफारे सुटत असतात आणि शिसे त्यांना फार लवकर बळी पडते. पांढरी भुकटी म्हणजे वर साचलेली धूळ नसून नाण्याचा पृष्ठभागच झडून तयार झालेली राख आहे. ती पुसली की तिच्याबरोबर अक्षरेही जातात. पुठ्ठ्याच्या खोक्यातही तेच होते. शिशाची नाणी काचेच्या किंवा कडक, स्वच्छ प्लास्टिकच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीत. ती भुकटी विषारी असल्यामुळे नाणी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना ती देऊ नयेत. भुकटी वाढतच राहिली तर संग्रहालयाच्या रसायनतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा; घरगुती उपाय यावर नाही.

आता त्या धनुष्यबाणाविषयी. कोल्हापूर परिसरात सापडणारी, एका बाजूस डोंगर व कठड्यातले झाड आणि दुसऱ्या बाजूस धनुष्यबाण असलेली शिशाची नाणी ही ‘कुर’ राजांची असतात. ‘रञो वासिठीपुतस विळिवायकुरस’ असा लेख त्यांवर धनुष्याभोवती फिरतो. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर हे तीन राजे ओळखले गेले आहेत, तिघेही आईच्या नावाने आपली ओळख देणारे. या तिघांचा क्रम ठरला तोही मागच्या उत्तरात सांगितलेल्या मार्गानेच : शिवलकुराचे ठसे पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आणि दुसऱ्याचे शिवलकुराच्या नाण्यांवर मारलेले आढळले. आपल्या नाण्यांपैकी एखाद्यावर अक्षरांचा गोंधळ दिसत असेल, एक लेख दुसऱ्यावर चढलेला वाटत असेल, तर त्या नाण्याला सर्वांत जास्त जपा. दिसायला ते सर्वांत वाईट असेल आणि सांगेल मात्र सर्वांत जास्त.

प्रश्न : ऑनलाइन विकत घेतलेले नाणे बनावट आहे की अस्सल, हे घरच्या घरी कसे ओळखावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तीन साधने लागतात : दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा डिजिटल काटा आणि व्हर्नियर कॅलिपर. तिन्ही मिळून एखाद्या बऱ्या नाण्याच्या किमतीत येतात आणि नाण्याच्या आधी घ्यावीत.

प्राचीन भारतातील चांदीची बहुतेक नाणी ठोकून पाडलेली असतात, आणि बाजारातील बनावट नाणी बहुधा अस्सल नाण्याचा साचा घेऊन ओतलेली असतात. ठोक्याने धातू जोराने बाहेर पसरतो, म्हणून अक्षरांच्या कडा धारदार असतात, काठावर लहान चिरा गेलेल्या असतात आणि भिंगाखाली मध्यापासून काठाकडे जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात. ओतीव नाण्यावर अक्षरे लोण्यातून काढल्यासारखी गुळगुळीत असतात, सपाट भागात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि काठावर साच्याच्या दोन अर्धांची शिवण किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा असतात. मात्र याला मोठा अपवाद आहे : सातवाहनांची काही नाणी, विशेषतः पोटीन या मिश्रधातूची, प्राचीन काळीच ओतून केलेली आहेत. म्हणूनच आपण ज्या वंशाची नाणी घेतो, ती कशी तयार होत, हे आधी ठाऊक हवे.

धातू ओळखण्याचा एक जुना उपाय घरी करता येतो. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून, वाटीच्या तळाला वा कडेला न टेकता, पूर्ण बुडेल असे धरावे. काटा जो आकडा दाखवील त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. शुद्ध चांदीसाठी उत्तर साडेदहाच्या आसपास, तांब्यासाठी नऊच्या थोडे खाली आणि शिशासाठी सव्वाअकराच्या पुढे येते. अकरा ग्रॅमचे तांब्याचे नाणे बुडवल्यावर काटा १.२५ दाखवत असेल, तर भागाकार ८.८ येतो आणि तो ठीक आहे. दोन ग्रॅमच्या क्षत्रप नाण्याला ही रीत नीट लागू पडत नाही, कारण पाण्यातला आकडा इतका लहान येतो की काट्याची किंचित चूकही उत्तर बिघडवते.

माझ्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. संग्रहाच्या सुरुवातीच्या काळात मी एका विक्रेत्याकडून क्षत्रप रुद्रसेनाचे म्हणून एक नाणे घेतले. वजन योग्य होते, चांदीही खरी होती आणि लेख वाचता येत होता, त्यामुळे मला शंका आली नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या माणसाकडून त्याच राजाचे आणखी एक नाणे घेतले. घरी येऊन दोन्ही भिंगाखाली शेजारी ठेवली, तर दोन्हींवर राजाच्या कानाजवळ तांदळाच्या कणीएवढी एकच खोच होती, त्याच कोनात, तेवढ्याच खोलीची. एकाच ठशाची दोन अस्सल नाणी असू शकतात. पण नाणे वापरात असताना लागलेला मार दोन नाण्यांना अगदी सारखा लागत नाही. म्हणजे कोठे तरी एक अस्सल नाणे होते, त्याला ती खोच पडलेली होती, आणि माझ्याकडची दोन्ही त्याची मुले होती. ती मी अजून ठेवली आहेत, वेगळ्या पाकिटात आणि वर ‘बनावट’ असे लिहून. नवीन नाणे घेण्यापूर्वी त्याच प्रकारच्या विकल्या गेलेल्या नाण्यांची शक्य तितकी छायाचित्रे पाहावीत, ही सवय मला त्या खोचेने लावली.

विक्रेता निवडताना शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारासाठी लागणारा परवाना त्याच्याकडे आहे का, तो सविस्तर पावती देतो का आणि नाणे बनावट ठरल्यास परत घेण्याचे लेखी मान्य करतो का, हे विचारावे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात फिरायला अवश्य जावे, नजर तयार होते. पण नजर तयार होईपर्यंत तेथे पैसे खर्च करू नयेत.

प्रश्न : देवघरात पूजेत असलेली तांब्याची शिवराई आम्ही दर सणाला चिंचेने घासून लख्ख करतो. यात काही गैर आहे का? (एक गृहिणी, सातारा)

उत्तर : शिवराई प्राचीन नव्हे, १६७४ साली राज्याभिषेकाबरोबर शिवछत्रपतींचे चलन सुरू झाले आणि ‘श्री राजा शिव’, ‘छत्र पति’ हा लेख पुढे अनेक पिढ्या, पेशवाईतही, तांब्याच्या नाण्यांवर चालत राहिला. त्यामुळे आपल्याकडील शिवराई नेमकी कोणत्या काळातली, हे अक्षरांचे वळण, वजन आणि दोन ओळींमधल्या रेघा पाहून ठरवावे लागते. चिंचेतील आम्ल दर वेळी तांब्याचा एक पातळ थर नेते. पन्नास दिवाळ्यांनंतर सर्वांत आधी जातात ती काठावरच्या ठिपक्यांची माळ आणि ‘शि’ की ‘सि’ हे सांगणारी बारीक रेघ, म्हणजे नेमकी तीच चिन्हे ज्यांवरून काळ ठरतो.

पूजा चालू ठेवावी. तिच्यामुळेच ही नाणी मोडीत न जाता घराघरांत टिकली, ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त चिंच, लिंबू आणि भांड्यांची पावडर बंद करून साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने लगेच कोरडे करावे. तपकिरी रंग हा मळ नव्हे, ते तांब्याचे कवच आहे. मात्र एखाद्या जागी फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसू लागली, तर ते नाणे इतरांपासून बाजूला काढावे, कारण ओलाव्यात हा क्षार धातू पोखरत जातो.

प्रश्न : शेतात विहीर खणताना मडक्यात जुनी नाणी निघाली तर ती कोणाची? ती विकता येतात का? (एक शेतकरी, बीड जिल्हा)

उत्तर : यासाठी १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही सापडले, तर काय सापडले, किती, कोठे आणि कोणत्या तारखेला, हे शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. आणि कळवणाऱ्याचे सगळेच जाते, हा समज चुकीचा आहे. निधी बेवारस ठरला आणि आधीचा काही करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि उरलेला जमिनीच्या मालकाचा, असे कायदा सांगतो. सरकारला तो निधी ठेवून घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. पहार मजुराची असेल तर ‘शोधणारा’ म्हणून त्याच्याही हक्काचा विचार होतो, हे लक्षात ठेवावे.

कायद्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे पहिल्या तासात काय करायचे. मडके उपसू नये, नाणी धुऊ नयेत, गावात वाटू नयेत. जसे दिसते तसे छायाचित्र घ्यावे, खोली मोजावी, मडक्याचे फुटलेले तुकडेही जपावेत, कारण त्या खापरांवरूनही काळ कळतो. संग्राहकांना येथेच सांगतो : ताज्या मातीची, ‘कालच निघालेली’ नाणी कोणी आणून दाखवली तर ती कितीही चांगली असली तरी घेऊ नयेत. आपण घेतो म्हणून मडकी फुटतात. संरक्षित स्थळी धातुशोधक यंत्र घेऊन जाणाऱ्यांची तर संगतही धरू नये.

प्रश्न : मी न्यू जर्सीला राहतो. आजोबांनी जमवलेली सातवाहन आणि क्षत्रप नाणी गावच्या घरी आहेत. पुढच्या भेटीत ती बरोबर नेता येतील का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : नाही. पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. नाणी वारसाने मिळालेली आहेत, एकच आहे, विकायची नाहीत, यांपैकी कशानेही त्यात फरक पडत नाही. ती खिशात घालून नेण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये. नाणी येथील नातलगांकडे ठेवावीत किंवा संग्रहालयाला द्यावीत, आणि दोन्ही बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रे व वजने घेऊन आपण तेथे बसून त्यांची यादी करावी. ब्राह्मी लेख छायाचित्रावरूनही वाचता येतो. आजोबांनी ज्या कामाला सुरुवात केली, ते यातून पुढे जाईल.

प्रश्न : ईस्ट इंडिया कंपनीचे, १८१८ सालचे, रामदरबार असलेले नाणे माझ्याकडे आहे. मोबाइलवर अशा नाण्याला लाखो रुपये मिळतील असा संदेश आला आहे. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : कंपनीने रामदरबाराची नाणी चलनासाठी पाडलेली नाहीत, ही देवस्थानाबाहेर विकली जाणारी, मागाहून बनवलेली पदके आहेत. त्यांना देवघरात मान आहे, नाणेबाजारात नाही. जुन्या नाण्यांच्या खरेदीसाठी आधी शुल्क भरायला लावणाऱ्यांपासून सावध राहावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर केले आहे. आपले नाव वापरून असे व्यवहार करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. एक रुपयाही भरू नका.

प्रश्न : माझ्याकडे आता चाळीसेक नाणी झाली आहेत. त्यांची नोंद कशी ठेवावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्रत्येक नाण्याला स्वतंत्र, आम्लविरहित कागदाचे पाकीट द्यावे. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटे टाळावीत. काही वर्षांत त्यांतून चिकट हिरवट द्रव सुटतो आणि नाण्याला लागतो. पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक घालावा आणि त्याच क्रमांकाखाली वहीत नोंद करावी. संगणकावरही ठेवावी, पण वही हवीच, कारण आपल्या मागे घरचे लोक वही उघडतील.

माझ्या वहीतील एक नोंद जशीच्या तशी देतो : ‘क्र. १७. चांदी. २.०८ ग्रॅम. व्यास १५ मि.मी. दर्शनी : राजाचे मस्तक उजवीकडे, मागे वर्षाचे फक्त शंभराचे चिन्ह स्पष्ट. मागील : तीन कमानींचा डोंगर, लेख “...महाक्षत्रपस दामसेनपुत्रस...” एवढाच नाण्यावर बसला आहे, मुलाचे नाव काठाबाहेर गेले. पुण्यातील एका जुन्या संग्रहातून पावतीसह. आधीच्या मालकाच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या चुलत्यांनी भरूच येथे घेतले, पुरावा नाही.’

शेवटचे दोन शब्द गाळू नयेत. जे ऐकले ते ऐकले म्हणून आणि जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहावे. दामसेनाचे चार मुलगे नाण्यांवरून ठाऊक आहेत आणि क्रमांक सतरा त्यांपैकी कोणाचे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. काठावर एका अक्षराचा जो खालचा पाय उरला आहे, तो ‘य’चा असावा असे वाटते, म्हणून ‘विजयसेन?’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. आणि नाणे ज्या पाकिटात मिळाले ते आधीच्या मालकाचे जुने, पिवळे पडलेले पाकीटही फेकू नये. नव्या पाकिटामागे ते घडी करून ठेवावे. त्यावरचा दुकानाचा शिक्का, किंमत आणि हस्ताक्षर हा त्या नाण्याच्या प्रवासाचा उरलेला एकमेव कागद असू शकतो.